कोणत्या गाडीने आलात?

नागपूरच्या पूर्वेला नंदनवन नावाची वस्ती आहे. पुराणातले नंदनवन इंद्राच्या मालकीचे. तिथे म्हणे पुण्याचा हिशेब पाहूनच आत सोडतात. आमच्या नंदनवनाला अशी अट नाही. ग्रेट नाग रोडने या, संत जगनाडे चौकातून वळा, सायकलने या की पायी या, कोणी अडवणार नाही. या वस्तीत मी मास्तरकी करतो. शिक्षण मॅट्रिकवर थांबले. एका खाजगी शाळेत लहान मुलांना मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्या, असा माझा संसार. अशा माणसाने संगणकाच्या इतिहासात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर एका बंद दारापाशी आहे. ती हकीकत आधी सांगतो.

साल २०११, दिवस पावसाळ्याचे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. वडील ऑटो चालवीत. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज करावयाचा होता. तो कागदावर घेणे बंद झाले होते. संकेतस्थळावर जाऊन संगणकातच भरावा लागे. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. आम्ही तिघे चौकाजवळच्या सायबर कॅफेत गेलो. तासाला वीस रुपये भाडे. दुकानदार सज्जन गृहस्थ. चोरीची विंडोज वापरण्यापेक्षा त्याने आपल्या यंत्रांवर लिनक्स ही फुकट आणि उजळ माथ्याने वापरता येणारी प्रणाली बसविली होती. तिच्यावर फायरफॉक्स नावाचा ब्राउझर होता. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखविणारा प्रोग्राम. आपल्याकडे कोणी त्याला ‘न्याहाळक’ असे गोजिरवाणे नाव दिले आहे, पण बाजारात ते रुळले नाही.

मुलीने पत्ता टंकला. पडद्यावर चौकट आली. तीत इंग्रजीत लिहिले होते, त्याचा अर्थ असा की हे संकेतस्थळ फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उघडते. खाली ना दुसरा मार्ग, ना फोन नंबर. पुन्हा टंकले, पुन्हा तीच चौकट. शेजारच्या यंत्रावर दोन मुले त्याच अर्जासाठी बसली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले, दहा रुपये ठेवले आणि निघून गेली.

ऑटोवाले बाप मला हळूच म्हणाले, “सर, पोरीचं काही चुकलं का जी?”

पोरीचे काही चुकले नव्हते. तिचे गुण चांगले होते, दाखले पिशवीत होते, उत्पन्नाचा कागद तहसिलीतून आणलेला होता. पण दाराने तिला गुण विचारले नाहीत की दाखले मागितले नाहीत. त्याने एवढेच विचारले, की बाई, तू कोणत्या गाडीने आलीस? आणि गाडी ठरलेल्या कारखान्याची नाही म्हणून उंबऱ्यावरून परत पाठविले.

त्या दिवशी पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. पण तेव्हापासून हा द्वारपाल कोण, त्याला हा प्रश्न विचारावयाला कोणी शिकविले, याचा शोध घेण्याचा मला नाद लागला. त्यातून जो इतिहास हाती आला तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याइतका चटकदार आहे, आणि त्यात आपल्या मराठीचाही एक अध्याय आहे.

आरंभ स्वित्झर्लंडातला. जिनिव्हाजवळ सर्न नावाची अणुविज्ञानाची मोठी संस्था आहे. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तिथे येत, आणि प्रत्येकाचा संगणक निराळ्या जातीचा. एकाची टिपणे दुसऱ्याला वाचता येत नसत. हा घोळ मिटावा म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली एक योजना मांडली आणि पुढच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात आणली. तिचेच नाव वेब. यंत्र कोणाचेही असो, पाने सगळ्यांना वाचता यावीत, हा तिचा जन्माचा हेतू. १९९३ साली सर्नने हे सर्व जगाला फुकट देऊन टाकले. म्हणजे “अमुक गाडीनेच या” ही पाटी ज्या घरावर लागली, ते घर मुळात सर्व गाड्यांसाठीच बांधलेले होते.

या योजनेत एक साधा शिष्टाचार होता. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाच्या दाराशी गेला की आपले नाव सांगे. त्यात वावगे काही नव्हते. आपणही कोणाच्या घरी गेलो की “मी अमुक” म्हणून हाक देतो. पण नाव कळले की भेदभावाची सोय झालीच.

१९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा चित्रे दाखविणारा ब्राउझर निघाला आणि वेब लोकप्रिय झाले. लगोलग, १९९४ साली, नेटस्केप आला. मोझॅकला गिळून टाकायचे या ईर्ष्येने त्याच्या कर्त्यांनी त्याचे आपसांतले नाव मोझिला ठेवले होते, आणि दाराशी तो हेच नाव सांगे. नेटस्केपला पानाच्या चौकटी पाडता येत, इतरांना येत नसत. म्हणून संकेतस्थळवाल्यांनी द्वारपालाला सांगून ठेवले, की मोझिला म्हणेल त्याला पंचपक्वान्न वाढ, बाकीच्यांना भाजीभाकर.

मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला. तो ऑगस्ट १९९५ चा. योगायोग असा, की त्याच महिन्यात १५ तारखेला विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. एक्स्प्लोररला लवकरच चौकटी दाखविता येऊ लागल्या, पण दाराशी खरे नाव सांगितले तर भाजीभाकरच मिळणार. म्हणून त्याने सोंग घेतले. “मी मोझिला” असे मोठ्याने म्हणावे आणि कंसात, हळू आवाजात, आपले खरे नाव पुटपुटावे! पुढे जो जो नवा ब्राउझर निघाला त्याने हाच कित्ता गिरविला. २००३ साली ॲपलचा सफारी आला, त्याने आधीच्यांची नावे लावली. २००८ साली गूगलचा क्रोम आला, त्याने सफारीचेही नाव लावले. आज क्रोम कोणाच्या दाराशी जातो तेव्हा आरंभी मोझिला आणि शेवटी सफारी म्हणतो, आपले नाव मध्ये दडवतो. आपल्याकडे गावोगाव फिरणारा बहुरूपी आज पोलीस होतो, उद्या वैद्य. पण तो पोटासाठी आणि करमणुकीसाठी. इथे दारावरच्या वेड्या प्रश्नामुळे सगळ्या जमातीलाच बहुरूपी व्हावे लागले.

एक्स्प्लोरर विंडोजबरोबर फुकट मिळू लागला. ज्याने संगणक घेतला त्याच्या घरी तो आपोआप आला. नेटस्केपची दुकानदारी बसली. या प्रकाराबद्दल अमेरिकन सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो बरीच वर्षे गाजला. पण तोवर मैदान साफ झाले होते. २००२-०३ च्या सुमारास शंभरातले नव्वदाहून अधिक लोक एक्स्प्लोररच वापरीत होते. मग संकेतस्थळ बांधणाऱ्यांना वाटू लागले, की दुसऱ्या कोणासाठी कष्ट कशाला घ्या? पानापानावर पाट्या झळकू लागल्या, की हे स्थळ एक्स्प्लोररमधून उत्तम दिसते. ‘उत्तम दिसते’ चे ‘यातूनच दिसते’ व्हायला वेळ लागला नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएन या संकेतस्थळाने ऑपेरा, मोझिला वगैरे ब्राउझरवाल्यांना दारातूनच परत पाठविले. ओरड झाली तेव्हा माघार घेतली. ऑपेरा हा नॉर्वेतल्या एका छोट्या कंपनीचा ब्राउझर. २००३ साली त्याला त्याच स्थळावर आत सोडीत, पण ताट तिरके वाढीत. पानावरचा मजकूर डावीकडे कापलेला दिसे. नॉर्वेच्या लोकांनी आपल्या ब्राउझरच्या नावातली अक्षरे जराशी बदलून ‘ओप्रा’ केले, तर तेच पान नीट दिसू लागले! म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता, वाढप्याचाच होता. त्यांनी सूडही झकास घेतला. त्याच फेब्रुवारीत ऑपेराची एक विनोदी आवृत्ती काढली. ती बाकी सारे जग सरळ दाखवी, एमएसएनचे पान तेवढे बाहुल्यांच्या खेळातल्या एका विदूषकी स्वयंपाक्याच्या बडबडीत दाखवी.

आता आपल्या घरी येऊ. परदेशात ही भांडणे चालली असताना मराठी वाचकापुढे निराळेच संकट होते. ते दाराचे नव्हते, अक्षरांचेच होते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे फार पूर्वी ठरले. ६५ म्हणजे कॅपिटल ए, हे सर्व यंत्रांना ठाऊक. देवनागरीसाठीही आपल्या सरकारने इस्की नावाची पद्धत ठरविली, १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि पुण्याच्या सी-डॅकने तिच्यावर पुष्कळ काम केले. पण छापखान्यांच्या बाजारात चालले ते दुसरेच. प्रत्येक कंपनीने आपापला फाँट काढला आणि इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर आपल्या मर्जीप्रमाणे मराठी आकार बसविले. समजा, एकीने ज्या आकड्यावर ‘क’ बसविला, त्यावर दुसरीने ‘ळ’ बसविला, तर तिसरीने तिथे नुसती वेलांटी ठेवली. ज्या यंत्रात तो फाँट आहे तिथे ज्ञानेश्वरी. जिथे नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

२००० सालाच्या आसपास मराठी दैनिके संकेतस्थळांवर आली ती असल्या फाँटांच्या खांद्यावर बसून. प्रत्येकाचा फाँट निराळा. वाचकाने आधी तो उतरवून घ्यावा, आपल्या यंत्रात बसवावा, मग बातमी वाचावी. हा त्रास वाचावा म्हणून एक युक्ती निघाली. पानाबरोबर फाँटही पाठवावयाचा. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली अशा फाँटाची जी गठडी बांधली, ती सोडता येई फक्त एक्स्प्लोररला. नेटस्केपची गठडी निराळी होती, ती त्याच्याबरोबरच संपली. परिणाम काय झाला? मराठी वर्तमानपत्र संगणकावर वाचावयाचे तर एक्स्प्लोरर हवा, एक्स्प्लोरर हवा तर विंडोज हवी. आपल्या बाराखडीची किल्ली सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्याच्या जुडग्यात जाऊन बसली, आणि आपणच ती तिथे नेऊन दिली होती. कोणाच्या मनात पाप नव्हते. संपादकांना वाचक हवे होते, फाँटवाल्यांना धंदा हवा होता. पण कोणाच्या मनात पाप नसतानाही दारे बंद होतात, हे या प्रकरणात मी शिकलो.

माझा एक शाळासोबती तेव्हा बंगळुरास नोकरीला होता. नागपूरची बातमी वाचावी म्हणून तो रात्री कचेरीत थांबे, पण तिथली यंत्रे लिनक्सची. त्याने मला पत्रात लिहिले होते, की पडद्यावर आपल्या गावाचे नाव म्हणून जे दिसते ते मांजराने टंकल्यासारखे आहे. माझी स्वतःची पहिली कादंबरीही असल्याच एका फाँटात टंकलेली. छापील प्रत कपाटात आहे म्हणून बरे. तिची संगणकातली प्रत आज उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत निव्वळ कचरा दिसतो. लिहिणारा जिवंत आहे, लिहिलेले जागेवर आहे, पण ते वाचता येत नाही.

यातून सुटका झाली ती कोणा एका कंपनीने उदार होऊन नव्हे, सर्वांनी मिळून एक माप मान्य केले म्हणून. युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरात निघाली. तिच्यात जगातल्या लिप्यांना आपापली कायमची जागा दिली आहे. देवनागरीच्या वाट्याला १२८ घरे आली, आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतली होती, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट. ‘क’ चे घर २३२५ क्रमांकाचे. नंदनवनात २३२५ आणि न्यूयॉर्कमध्येही २३२५. मराठी ‘ॲ’ या अक्षराला मात्र स्वतंत्र घर मिळावयास २००८ साल उजाडले. विंडोज २००० पासून साध्या संगणकावर युनिकोड देवनागरी दिसू लागली, लिनक्सवरही आली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडातच. मधल्या काळात काही हौशी मंडळींनी मोठे उपकार केले. ‘पद्म’ नावाचे एक जोडसाधन फायरफॉक्समध्ये बसविले, की जुन्या फाँटातले पान ते परस्पर युनिकोडात बदलून दाखवी. तेलुगूसाठी निघालेले ते साधन मराठी दैनिकांच्या वाचकांच्याही कामी आले. बंगळुरातल्या माझ्या सोबत्याने त्या दिवशी मला मुद्दाम फोन केला होता. हळूहळू दैनिकेही युनिकोडावर आली.

नागपूरकरांना हे समजावयाला इतवारी स्टेशन पुरे. छिंदवाडा आणि नागभीडकडून येणाऱ्या छोट्या गाड्या तिथे येत. त्यांचे रूळ अडीच फूट रुंदीचे. मुंबई-कलकत्त्याकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीचे साडेपाच फूट. माल एकच, माणसेही तीच, पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नसे. नागभीडची पोती इथे उतरवा, पाठीवर घ्या, दुसऱ्या डब्यात चढवा. छिंदवाड्याची ती गाडी २०१५ साली थांबली, नागभीडची २०१९ साली. रूळ मोठे करण्यासाठी. छोट्या गाडीवर आमचे प्रेम होते, ती गेली तेव्हा हळहळ वाटली. पण हमालाची पाठ ज्याने पाहिली आहे तो एका मापाच्या रुळाला नावे ठेवणार नाही. युनिकोडने आमच्या अक्षरांची पाठीवरची ने-आण संपविली, एवढेच म्हणतो.

अक्षरांचा प्रश्न असा सुटला, पण दारावरचा प्रश्न राहिलाच होता. कोणी म्हणेल, वर्तमानपत्र वाचता आले नाही तर काय बिघडले? वर्तमानपत्रापुरते ठीक. पण जिथे दुसरे दारच नसते तिथे काय होते पहा.

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना हे चक्रीवादळ आदळले. न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. तिथल्या सरकारच्या आपत्ती खात्याने मदतीचे अर्ज संकेतस्थळावर घेण्याची सोय केली, आणि त्या स्थळाला हवा होता इंटरनेट एक्स्प्लोररचा सहावा अवतार. ज्यांची घरे वाहून गेली, त्यांनी कोणाच्या तरी ॲपल वा लिनक्सच्या यंत्रावर बसून अर्ज करू म्हटले तर अर्ज घेतला जाईना. फोनवरून अर्ज करता येत होता हे खरे, पण अशा वेळी फोन लागणे म्हणजे काय हे पूर पाहिलेल्यांना सांगावयास नको.

दक्षिण कोरियाची कथा याहून मोठी. १९९० नंतरच्या दशकात अमेरिका मजबूत सांकेतिक कुलपे परदेशी जाऊ देत नसे. कोरियाने म्हटले, आमचे कुलूप आम्ही बनवू. १९९८-९९ च्या सुमारास त्यांनी सीड नावाचे स्वतःचे कुलूप बनविले, चांगलेही बनविले. पण ते ब्राउझरमध्ये बसवावयाचे साधन निवडले एक्स्प्लोररपुरतेच चालणारे. बँक, खरेदी, सरकारी कामे, सर्व त्यावर उभे केले. झाले, वीसेक वर्षे सारा देश एकाच परदेशी ब्राउझरला बांधला गेला. आणि तेही स्वदेशी कुलपासाठी! २०१४ साली त्यांची एक दूरदर्शन मालिका चीनमध्ये भारी गाजली. नायिकेचा कोट घ्यावयाला चिनी बाया कोरियन दुकानांच्या संकेतस्थळांवर धावल्या, आणि दारातून परतल्या. त्या मार्चमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी बैठकीत हा विषय काढला. जुन्या प्रमाणपत्रांची सक्तीची मिरास कायद्याने संपली ती डिसेंबर २०२० मध्ये.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मास्तराने एकाच मुलाचे ऐकून छडी उचलू नये. दारवाल्यांची कारणे अगदीच पोकळ नसतात. दहा ब्राउझरवर पान तपासावयाचे तर वेळ लागतो, पैसा लागतो. कंत्राटदार एकावर तपासून मोकळा होतो, आणि ज्या साहेबाने ते मंजूर करावयाचे त्याच्या टेबलावरही तोच एक असतो. शिवाय सुरक्षिततेचा मुद्दा आहे. फार जुन्या ब्राउझरची कुलपे चोरांना उघडता येतात. अशांना बँकेने आत घेतले नाही तर ते ग्राहकाच्याच हिताचे. हे मला मान्य आहे. पायाला चिखल आहे म्हणून पाहुण्याला उंबऱ्यावर थांबवून पाण्याचा तांब्या देणे, ही रीत झाली. पण जोडा अमक्या दुकानातला नाही म्हणून त्याला परत पाठविणे, ही रीत नव्हे. पहिल्याने पाय धुतले की तो आत येऊ शकतो. दुसऱ्याने काय करावे? जोडे विकत घ्यावे?

आणि आपल्या सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ सालीच मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि पाने निरनिराळ्या ब्राउझरवर तपासून घ्यावीत असे त्यांत सांगितले. म्हणजे २०११ साली ती मुलगी कॅफेत बसली तेव्हा नियम दोन वर्षांचा झाला होता. नियम कागदावर होता, दारावर पोचला नव्हता.

आता त्या दुपारकडे परत येतो. दोन मुले निघून गेली होती. आम्ही उठण्याच्या बेतात होतो, तोच मागच्या यंत्रावरचा एक तरुण उठून आला. नंदनवनातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. त्याने चौकट वाचली, हसला, आणि म्हणाला, “थांबा सर, याला वेगळं नाव सांगू.” त्याने फायरफॉक्समध्ये काहीतरी बदलले. मिनिटभराचे काम. दार तेच, यंत्र तेच, ब्राउझर तोच. फक्त आता तो दाराशी “मी एक्स्प्लोरर” असे सांगत होता. दार उघडले. मुलीने नाव भरले, गुण भरले, दाखले जोडले. एकही रकाना अडला नाही. पावती छापून हातात आली तेव्हा बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि ऑटोवाले त्या पावतीला जपून प्लास्टिकच्या पिशवीत घालीत होते.

मी रोज वर्गात मुलांना खोटे बोलू नका म्हणून सांगतो. त्या दिवशी माझ्या देखत एका यंत्राने धडधडीत खोटे सांगितले आणि मी त्याचे आभार मानले. घरी जाताना मन खात होते. पण अधिक खात होती ती दुसरी गोष्ट. अर्ज सुरळीत भरला गेला, याचा अर्थ ते स्थळ फायरफॉक्समध्ये पहिल्यापासून नीट चालत होते. भिंत नव्हतीच, नुसती पाटी होती. कोणीतरी, कधीतरी, न तपासता ती लावली होती आणि काढावयाची विसरला होता.

ती मुलगी शिकली, आज नोकरीत आहे. बापाचा ऑटो आता विश्रांतीला आहे.

इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनेच निवृत्त केला. कोरियात एका अभियंत्याने तर त्याचे रीतसर थडगे बांधून फोटो काढले. इतकी वर्षे छळलेल्याची आठवण! ज्यांनी केवळ त्याच्यासाठी घरे बांधली होती त्यांना ती पाडून पुन्हा बांधावी लागली. तेवढ्यावर शहाणपण आले म्हणावे, तर तसेही नाही. गूगलची पृथ्वीदर्शनाची वेबवरची नवी आवृत्ती २०१७ साली आली ती फक्त क्रोमसाठी. इतरांना दार उघडले २०२० साली. २०१९ साली स्काइपच्या वेब आवृत्तीने फायरफॉक्सला बाहेर ठेवले. पूर्वी सारे एक्स्प्लोररवर तपासून मोकळे होत, आता क्रोमवर तपासून होतात. राजा बदलला, चोपदाराची आरोळी तीच.

संकेतस्थळ बांधणारे कित्येक तरुण आज घरोघरी आहेत. कदाचित हा अंक ज्या घरात वाचला जात असेल तिथेही एखादा फराळाला बसला असेल. त्याला या मास्तराचे एवढेच सांगणे आहे, की पाटी लावण्यापूर्वी एकदा दुसऱ्या यंत्रावर जाऊन आपलेच दार ठोठावून पाहा. ज्याला दहा वाटा आहेत तो चिडेल आणि दुसरीकडून येईल. ज्याला एकच वाट आहे तो चिडत नाही. आपलेच काही चुकले असे समजून तो गुपचूप उठतो.

त्या दोन मुलांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तो अभियांत्रिकीचा तरुण आला तेव्हा मी धावत बाहेर जाऊन पाहिले होते. चौकात गर्दी होती. ती दिसली नाहीत.